रोहिणीचे पाणी आणि तंट्याचा निवाडा

गोरखपूरहून सुनौलीमार्गे लुंबिनीस जाणारा यात्रेकरू ज्या सपाट, भातशेतीच्या मुलखातून जातो, त्याच मुलखातून रोहिणी नदी वाहते. नेपाळच्या रुपन्देही जिल्ह्यातून ती खाली येते, उत्तर प्रदेशातील महाराजगंज जिल्ह्यातून पुढे सरकते आणि गोरखपूरजवळ राप्तीला मिळते. तिकडील लोक तिला रोहिन म्हणतात. महाराष्ट्रातून दरवर्षी कितीतरी उपासक-उपासिका ह्या वाटेने जातात. सीमेवर उतरतात, नोंद करतात, पुन्हा गाडीत बसतात. वाटेतल्या नदीचे नाव विचारणारा मात्र क्वचितच भेटतो. ज्या पाण्यावरून शाक्य व कोलिय शस्त्रे उपसून समोरासमोर उभे राहिले, ते पाणी ह्याच नदीचे असे सामान्यतः मानले जाते, आणि आज ती नदी दोन राष्ट्रांची आहे.

कपिलवस्तूचे स्थान तिलौराकोट येथे धरावे की पिप्रहवा येथे, ह्या वादात शिरण्याचे येथे प्रयोजन नाही. रोहिणीच्या एका बाजूस शाक्यांचे व दुसऱ्या बाजूस कोलियांचे गणराज्य होते, एवढे आमच्या विषयास पुरेसे आहे. ही दोन राज्ये सोयरिकीने बांधलेली होती. महामाया व महाप्रजापती गौतमी ह्या दोघी कोलियांकडच्या. निदानकथेत लुंबिनी-वनाचे जे वर्णन आहे, त्यात एक तपशील असा आहे की, ते शालवन दोन नगरांच्या मध्ये होते व दोन्ही नगरांच्या रहिवाशांचे होते. म्हणजे तथागतांचा जन्म ज्या भूमीवर झाला, तीच मुळी दोन शेजाऱ्यांची सामाईक भूमी होती. वन सामाईक ठेवणे त्या लोकांना साधले. पाणी सामाईक ठेवणे त्यांना कठीण गेले.

पालि वाङ्मयात ज्या पाच महानद्यांची नावे वारंवार येतात, त्यांत गंगा, यमुना, अचिरवती, सरभू व मही ह्यांचा समावेश होतो. अचिरवती म्हणजे आजची राप्ती. सरभू म्हणजे सरयू किंवा घागरा, जिला नेपाळात कर्णाली म्हणतात. मही म्हणजे गंडक, असे सामान्यतः समजले जाते. ह्यांपैकी तीन नद्या आज नेपाळातून भारतात येतात व चौथी, म्हणजे गंगा, भारतातून बांगलादेशात जाते. एकट्या यमुनेवरच दुसऱ्या राष्ट्राचा हक्क सांगितला जात नाही. बुद्धकालीन मध्यदेशाचा नकाशा आजच्या नकाशावर ठेवला की, सामाईक पाण्याचा प्रश्न आमच्या अभ्यासविषयापासून किती जवळ आहे, हे ध्यानी येते.

रोहिणीच्या तंट्याची कथा दोन ठिकाणी विस्ताराने आलेली आहे. एक धम्मपद-अट्ठकथेत, सुखवग्गाच्या आरंभीच्या गाथांच्या निमित्ताने, आणि दुसरी कुणालजातकाच्या प्रास्ताविकात. कथा परिचित आहे. परंतु ती सांगताना जे तपशील गळून जातात, त्यांकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

पहिला तपशील बांधाचा. कपिलवस्तू व कोलियनगर ह्यांच्या मधून वाहणारी रोहिणी एकाच बांधाने अडवलेली होती, आणि त्या एका बांधावर दोन्हीकडील शेती होत असे, असे अट्ठकथा सांगते. हा बांध कोणी घातला, खर्च कोणी उचलला, ह्याविषयी ग्रंथ मौन पाळतो. पण दोन राज्यांच्या शेतीस पाणी देणारा बांध एकमेकांच्या संमतीवाचून उभा राहिला असेल व टिकला असेल, असे संभवत नाही. तेव्हा शाक्य व कोलिय ह्यांच्यात सहकार्य नव्हते, असे म्हणता येत नाही. बांधापुरते सहकार्य होते. पाणी कमी पडले तर काय करावयाचे, ह्याची मात्र काही व्यवस्था नव्हती.

आणि ज्येष्ठ महिन्यात पाणी कमी पडले. पिके सुकू लागली तेव्हा दोन्हीकडचे राबणारे लोक नदीवर जमले. कोलियांकडील लोकांचे म्हणणे असे की, हे पाणी दोघांनी घेतले तर कोणालाच पुरणार नाही. आमचे पीक एका पाण्यात हाती येते, तेव्हा पाणी आम्हांस द्या. शाक्यांकडील लोकांचे उत्तर अट्ठकथेत फार मार्मिक आले आहे. तुमची कोठारे भरल्यावर आम्ही सोनेनाणे घेऊन, टोपल्या व पोती हातात धरून तुमच्या दारी फिरत राहावयाचे काय? आमचेही पीक एका पाण्यात येते. दोन्ही बाजूंचे म्हणणे खरे होते. ह्या कथेत खोटे बोलणारा कोणी नाही. पाणी एकाच पिकापुरते होते व पिके दोन होती.

पुढे शब्दाने शब्द वाढला. एकाने हात उगारला, दुसऱ्याने उगारला, आणि मग कुळांवर घसरणे आले. शाक्यांच्या पूर्वजांनी बहिणींशी संसार केला, ही कोलियांकडील शिवी. कोलियांचे पूर्वज कुष्ठरोगी, बोरीच्या झाडाच्या ढोलीत राहणारे, ही शाक्यांकडील. राबणाऱ्यांनी हे त्या कामावरच्या अमात्यांना सांगितले, अमात्यांनी राजकुळांना सांगितले. मग दोन्हीकडचे क्षत्रिय सज्ज होऊन बाहेर पडले. ते काय म्हणत बाहेर पडले? बहिणींशी संसार करणाऱ्यांचे बळ दाखवतो, असे शाक्य म्हणत होते. बोरीच्या झाडात राहणाऱ्यांचे बळ दाखवतो, असे कोलिय म्हणत होते. पाण्याचा उल्लेख कोणाच्याच तोंडी उरला नव्हता.

तथागत तेथे आले व त्यांनी विचारले की, हा कलह कशासाठी? राजे म्हणाले, आम्हांस ठाऊक नाही. कोणास ठाऊक असेल? सेनापतीस असेल. सेनापतीने उपराजाकडे बोट दाखवले. असे विचारत विचारत प्रश्न अखेरीस दास व कामकरी ह्यांच्यापर्यंत आला, तेव्हा त्यांनी सांगितले की, भन्ते, पाण्यासाठी. मग पाण्याचे मोल किती व क्षत्रियांच्या प्राणांचे मोल किती, हा प्रसिद्ध प्रश्न आला आणि युद्ध टळले.

आमच्या प्रवचनांतून ह्या कथेचा शेवटचा भाग नेहमी सांगितला जातो. मधला भाग, म्हणजे राजांना कारण ठाऊक नसणे, विनोद म्हणून सांगितला जातो किंवा वगळला जातो. आम्हांस तो कथेचा गाभा वाटतो. शेताच्या बांधावरून राजवाड्यापर्यंत जाताना तक्रारीचे स्वरूपच पालटले. खाली ती पाण्याची पाळी होती, वर पोहोचेपर्यंत ती कुळाची अब्रू झाली. पाण्याची वाटणी करता येते, अब्रूची करता येत नाही. तथागतांनी उपदेश करण्यापूर्वी काय केले, तर तक्रार ज्या पायऱ्यांनी वर चढली होती, त्याच पायऱ्यांनी ती परत खाली उतरवली.

तथापि अट्ठकथेत एक उणीव राहते, आणि ती मोकळेपणाने मान्य केली पाहिजे. युद्ध टळले, पण पाण्याचे काय झाले? पुढच्या ज्येष्ठात पाळी कोणाची? अट्ठकथाकारांना हा प्रश्न पडलेला दिसत नाही. दोन्ही राजकुळांनी अडीचशे-अडीचशे कुमार संघास दिले, असे ती सांगते व कथा दुसरीकडे वळते. ज्या थोर पुरुषाच्या शब्दाने शस्त्रे खाली आली, तो दर उन्हाळ्यात नदीकाठी उपस्थित राहणार नव्हता.

हा प्रश्न पडला तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना. त्यांच्या आधी धर्मानंद कोसंबी ह्यांनी 'भगवान बुद्ध' ह्या ग्रंथात गृहत्यागाची रूढ कथा चिकित्सक दृष्टीने तपासून अत्तदण्डसुत्ताकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले होते. शस्त्र धारण केल्याने भय कसे उत्पन्न झाले, हे त्या सुत्तात तथागत स्वतःच्या अनुभवातून सांगतात, आणि थोड्या पाण्यात तळमळणाऱ्या माशांची उपमा माणसांना देतात. बाबासाहेबांनी १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्याचा धम्म' ह्या ग्रंथात रोहिणीचा तंटा बोधीनंतरच्या काळातून उचलून गृहत्यागापूर्वी ठेवला. सिद्धार्थ शाक्य संघाचा सभासद होऊन आठ वर्षे झालेली आहेत. पाण्यावरून दोन्हीकडच्या सेवकांत मारामारी होते, सेनापती युद्धाचा ठराव मांडतो आणि सिद्धार्थ त्यास उपसूचना सुचवतो. शाक्यांनी दोन माणसे निवडावीत, कोलियांनी दोन निवडावीत, ह्या चौघांनी मिळून पाचवा निवडावा व त्या पाच जणांनी तंटा मिटवावा. उपसूचना मोठ्या बहुमताने फेटाळली जाते. पुढील प्रसंग, सैन्यभरतीस दिलेला नकार, संघाची शिक्षा व परिव्रज्या, आमच्या प्रत्येक वाचकास ठाऊक आहेत.

परंतु येथेही कथा अर्ध्यावरच थांबवली जाते. बुद्धपौर्णिमेच्या भाषणांत सिद्धार्थ अनोमा ओलांडतो व रोहिणी मागे राहते. बाबासाहेबांनी ती मागे ठेवलेली नाही. सिद्धार्थ परिव्राजक होऊन हिंडत असता त्यास वार्ता कळते की, त्याच्या जाण्यानंतर युद्धाविरुद्ध शाक्यांमध्ये मोठी चळवळ झाली, शाक्यांनी पाच व कोलियांनी पाच प्रतिनिधी नेमले, आणि त्यांनी रोहिणीच्या पाण्याचा प्रत्येक तंटा मिटवण्याचा अधिकार असलेले एक कायमचे लवाद मंडळ स्थापन करण्याचे मान्य केले. आम्हांस येथे 'कायमचे' हा शब्द सर्वांत महत्त्वाचा वाटतो. फेटाळलेल्या उपसूचनेतील पाच जण एका तंट्यापुरते होते. लोकांनी जे मिळवले ते पुढच्या सर्व ज्येष्ठ महिन्यांसाठी होते.

ह्यावर आक्षेप असा घेतला जातो की, हे लवाद मंडळ पालि ग्रंथांत नाही, बाबासाहेबांनी ते कल्पनेने घातले. पहिला भाग खरा आहे. अट्ठकथेत लवाद नाही, हे लपवण्याचे कारण नाही. पण ही कल्पना बौद्ध परंपरेस परकी आहे, असे जर कोणास म्हणावयाचे असेल तर त्याने विनयपिटक पुन्हा उघडावे. भिक्षुसंघातील वाद मोठ्या सभेत मिटेना, तेव्हा तो निवडक भिक्षूंकडे सोपवावा, अशी विनयात तरतूद आहे व तीस उब्बाहिका म्हणतात. वैशालीच्या दुसऱ्या संगीतीत पूर्वेकडील चार व पश्चिमेकडील चार भिक्षू निवडून दहा वादग्रस्त बाबींचा निर्णय त्यांच्याकडे दिला गेला, असे चुल्लवग्गात सांगितले आहे. दोन्ही पक्षांतून सारखी माणसे घेणे ही कल्पना तेथे स्पष्ट आहे. महापरिनिब्बानसुत्तात तथागतांच्या अस्थींवरून युद्धाची वेळ आली, तेव्हा दोण ब्राह्मणाने आठ सारखे वाटे केले. त्या वाटेकऱ्यांत कपिलवस्तूचे शाक्यही आहेत व रामग्रामचे कोलियही आहेत. कोणत्याही पक्षाचा नसलेला तो माणूस म्हणजे सिद्धार्थाच्या उपसूचनेतील पाचवाच होय. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बोलताना भिक्षुसंघातील ठराव, गणपूर्ती, मतगणना ह्यांचा उल्लेख केला होता. विनयातील ही कार्यपद्धती त्यांच्या नजरेसमोर होती, ह्याबद्दल शंका राहत नाही. तीच त्यांनी रोहिणीच्या काठी नेली, असे आमचे मत आहे.

त्यांच्यापाशी दुसरीही एक शिदोरी होती. १९४२ ते १९४६ ह्या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना पाटबंधारे व वीज ही खाती त्यांच्याकडे होती. १९४३ च्या दामोदरच्या महापुरानंतर बंगाल, बिहार व केंद्र ह्यांना एकत्र बसवण्याचे काम त्यांच्या वाट्यास आले. जानेवारी १९४५ मध्ये कलकत्त्यास व नोव्हेंबर १९४५ मध्ये कटकला झालेल्या नद्यांविषयीच्या परिषदांचे ते अध्यक्ष होते. त्याच वर्षी केंद्रीय जलमार्ग, पाटबंधारे व नौकानयन आयोग स्थापन झाला, जो आजच्या केंद्रीय जल आयोगाचा पूर्वज आहे. नदीला प्रांताची सीमा कळत नाही, ही गोष्ट त्यांनी सरकारी कागदांतून शिकलेली होती. आंतरराज्य नद्यांच्या तंट्यांविषयीचे जे कलम आज संविधानात २६२ ह्या क्रमांकाने आहे, ते सप्टेंबर १९४९ मध्ये त्यांनीच सभेपुढे मांडले. ज्या लेखणीने हे कलम मांडले, त्याच लेखणीने पुढे शाक्य-कोलियांचे लवाद मंडळ लिहिले.

आता त्याच मुलखाच्या अर्वाचीन इतिहासाकडे वळू. भारत व नेपाळ ह्यांच्यातील पाण्याचे करार इंग्रजी अमदानीत सुरू होतात. बनबसा येथे शारदा नदीवर बंधारा घालण्यासाठी १९२० साली नेपाळने जमीन दिली व मोबदल्यात दुसरीकडे जमीन घेतली. स्वातंत्र्यानंतर २५ एप्रिल १९५४ रोजी कोसीचा व ४ डिसेंबर १९५९ रोजी गंडकचा करार झाला. गंडकच्या बंधाऱ्यावरून निघणारा पश्चिम कालवा नेपाळच्या नवलपरासीतून येऊन महाराजगंज, गोरखपूर, कुशीनगर ह्या बाजूस पाणी देतो. जन्मभूमी व महापरिनिर्वाणभूमी ह्यांच्या मधला हा पट्टा आज एका कराराच्या पाण्यावर भात पिकवतो.

ह्या दोन करारांविषयी नेपाळात पहिल्यापासून नाराजी होती. बंधारा आपल्या भूमीवर, बुडणारी जमीन आपली, दरवाजांच्या किल्ल्या मात्र दुसऱ्याच्या हाती, आणि लाभाचा मोठा वाटा खाली, असे तेथील जनतेचे म्हणणे होते. त्यात तथ्य होते, म्हणूनच कोसीचा करार १९६६ साली व गंडकचा १९६४ साली सुधारावा लागला. पण मनातील अढी गेली नाही. १९९१ साली टनकपूरच्या बंधाऱ्याविषयी समझोता झाला, तेव्हा नेपाळात जे वादळ उठले, त्यात किती पाणी व किती वीज हा मूळ विषय हळूहळू मागे पडून राष्ट्राच्या सार्वभौमत्वाचा प्रश्न पुढे आला. प्रकरण नेपाळच्या सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि हा समझोता म्हणजे करारच असून त्यास संसदेची मान्यता हवी, असा निर्णय १९९२ साली झाला. अट्ठकथेतील अमात्य व राजकुळे आठवावीत.

१२ फेब्रुवारी १९९६ रोजी झालेला महाकालीचा करार ह्या जुन्या चुका टाळण्यासाठी केलेला होता. समान हक्क, समान लाभ व समान खर्च ही भाषा त्यात आहे. त्यात महाकाली नदी आयोगाची तरतूद आहे, दोन्ही देशांचे सारखे प्रतिनिधी त्यात असावयाचे आहेत, आणि मतभेद न मिटल्यास लवाद नेमून तिऱ्हाईत लवादाची निवड कशी करावी, हेही लिहून ठेवले आहे. म्हणजे कागदावर रोहिणीचे पाचही जण हजर आहेत. पंचेश्वरच्या मोठ्या धरणाचा सविस्तर आराखडा सहा महिन्यांत पुरा करावयाचा होता. पंचवीस वर्षे उलटून गेली तरी त्यावर एकमत झाले नाही, आणि तो आयोगही कागदावरून खाली उतरला नाही. पंचेश्वर विकास प्राधिकरण २०१४ साली अस्तित्वात आले, एवढीच काय ती प्रगती.

कोसीची गोष्ट अधिक वेदनेची आहे. १८ ऑगस्ट २००८ रोजी नेपाळातील कुसहा येथे कोसीचा पूर्व तटबंध फुटला. नदी आपल्या जुन्या पात्रांत शिरली आणि बिहारमधील तीस लाखांहून अधिक लोक पुरात सापडले. करारानुसार तटबंध राखण्याची जबाबदारी भारताची होती, भूमी नेपाळची होती. त्या दिवशी नदीत फार मोठा पूर होता असेही नाही. तटबंध ज्या प्रवाहास पेलण्यासाठी बांधला होता, त्याच्या कितीतरी कमी पाण्यात तो फुटला. मग दोष कोणाचा, ह्यावर दोन्ही बाजूंनी एकमेकांकडे बोट दाखवले. सेनापतीने उपराजाकडे दाखवावे, तसेच ते होते. तटबंधाच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना तो खचत असल्याचे आधीच दिसत होते. कोणी त्यांना विचारावयास गेले नाही.

पश्चिमेकडील सिंधूच्या पाण्याचा इतिहास ह्याहून वेगळा आहे. फाळणीनंतर एप्रिल १९४८ मध्ये कालव्यांचे पाणी थांबले, तेव्हापासून भारत व पाकिस्तान ह्यांच्यात जो तंटा चालू होता, तो १९ सप्टेंबर १९६० रोजी कराची येथे मिटला. करारावर जवाहरलाल नेहरू व अयुब खान ह्यांच्या सह्या झाल्या आणि जागतिक बँक त्यात पाचव्याच्या जागी होती. पूर्वेच्या तीन नद्या भारतास, पश्चिमेच्या तीन मुख्यतः पाकिस्तानास, अशी ती वाटणी. खरे पाहता हे सहकार्य नव्हे, ही वेगळे निघालेल्या भावांची वाटणी आहे. परंतु करारात एक कायमचा सिंधू आयोग होता. दोन्हीकडचा एक-एक आयुक्त, वर्षातून निदान एक बैठक, पाण्याच्या मोजमापांची देवाणघेवाण. आयुक्तांत मिटेना तर तटस्थ तज्ज्ञ, त्याच्याही पलीकडे लवाद न्यायालय. वज्जींच्या सात अपरिहानीय धर्मांत पहिला धर्म वारंवार एकत्र जमण्याचा आहे. येथे तो करारातच लिहून ठेवलेला होता. १९६५, १९७१ व १९९९ च्या युद्धांतून हा करार टिकला. बगलिहार धरणाचा प्रश्न २००७ साली तटस्थ तज्ज्ञाने व किशनगंगेचा २०१३ साली लवाद न्यायालयाने सोडवला.

२२ एप्रिल २०२५ रोजी पहलगाम येथे दहशतवाद्यांनी २६ जणांची हत्या केली, आणि दुसऱ्या दिवशी भारताने हा करार स्थगित ठेवत असल्याचे घोषित केले. निरपराधांच्या रक्ताने संतप्त झालेल्या राष्ट्राच्या ह्या निर्णयाची चिकित्सा करण्याचे हे स्थान नव्हे. आम्ही इतिहासाचे अभ्यासक म्हणून एवढेच नोंदवतो की, पासष्ट वर्षे टिकलेली व्यवस्था ज्या कारणाने थांबली, ते कारण पाण्याचे नव्हते. पाण्याचे तंटे ऐकण्यासाठी नेमलेल्या आयुक्तांपाशी त्या तंट्याचे उत्तर असण्याची शक्यताही नव्हती.

गंगेच्या बाबतीत फरक्का बंधारा १९७५ साली सुरू झाला व बांगलादेशाशी वाद चिघळला. १२ डिसेंबर १९९६ रोजी तीस वर्षांसाठी जो करार झाला, त्याचे सूत्र एखाद्या गावच्या पाणीवाटपासारखे सुबोध आहे. १ जानेवारी ते ३१ मे ह्या कोरड्या काळात फरक्का येथे ७०,००० क्युसेक किंवा कमी पाणी असेल तर निम्मे-निम्मे. त्याहून अधिक व ७५,००० पर्यंत असेल तर बांगलादेशास ३५,००० व उरलेले भारतास. त्याहूनही अधिक असेल तर भारतास ४०,००० व उरलेले बांगलादेशास. ११ मार्च ते १० मे ह्या सर्वांत टंचाईच्या दिवसांत दहा-दहा दिवसांच्या पाळ्या करून ३५,००० क्युसेकची हमी आळीपाळीने एकेकास. म्हणजे रोहिणीकाठी ज्या 'एका पाण्या'साठी भांडण झाले, त्या एका पाण्याची पाळीच येथे ठरवलेली आहे. फरक्का व बांगलादेशातील हार्डिंज पूल ह्या दोन्ही ठिकाणी दोन्ही देशांची माणसे मिळून रोज पाणी मोजतात. ह्या कराराविषयी खाली-वर दोन्हीकडे तक्रारी आहेत. प्रवाहच कमी असला तर सूत्र काय करील, हा बांगलादेशाचा प्रश्न रास्त आहे. तिस्तेचा करार २०११ साली होता होता राहिला. तरीही एकत्र मोजणे ही लहान गोष्ट नव्हे. दोघांनी मिळून मोजलेल्या पाण्याविषयी निदान किती होते, ह्यावर तरी भांडण होत नाही.

बौद्ध देशांनी ह्याहून चांगले केले काय, असे कोणी विचारील. मेकाँग नदीच्या खोऱ्यात थायलंड, लाओस व कंबोडिया हे थेरवादी देश आहेत. त्यांनी व दक्षिण व्हिएतनामने १९५७ साली, म्हणजे बाबासाहेबांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला त्याच वर्षी, मेकाँग समिती स्थापन केली. पुढील वीस वर्षे तो प्रदेश युद्धात होरपळला. तरी लाओसमधील नाम न्गुम धरण १९७१ साली पुरे झाले, आणि १९७५ च्या सत्तांतरानंतरही त्याची वीज नदीपलीकडे थायलंडला जात राहिली. ५ एप्रिल १९९५ रोजी चिआंग राई येथे नवा करार होऊन मेकाँग नदी आयोग झाला. पण चीन, ज्याच्या हद्दीत नदीचा वरचा भाग आहे, तो सभासद नाही, आणि आयोगास कोणास थांबवण्याचा अधिकार नाही. लाओसच्या सायाबुरी धरणास कंबोडिया व व्हिएतनामने हरकत घेतली, तरी धरण झाले व २०१९ पासून चालू आहे. कंबोडियातील तोन्ले साप सरोवर पावसाळ्यात मेकाँगचे पाणी उलटे आत घेऊन कित्येक पटींनी फुगते व त्या पाण्यावर त्या देशाची मासळी पोसली जाते. वरच्या धरणांनी पुराचा काळ बदलला की, सरोवर कमी फुगते. तेथील कोळ्यांना थोड्या पाण्यातील माशांची उपमा समजावून सांगावी लागणार नाही. धम्म समान असला म्हणजे पाण्याचा प्रश्न आपोआप सुटतो, असा भ्रम कोणी बाळगू नये. शाक्य व कोलिय तर सोयरे होते.

रोहिणीच्या नावाने भारत व नेपाळ ह्यांच्यात आज स्वतंत्र करार नाही. सीमेवरच्या अशा लहान नद्यांमुळे पाणी तुंबण्याचा व पुराचा जो प्रश्न आहे, त्यासाठी दोन्ही देशांच्या अधिकाऱ्यांची संयुक्त समिती आहे. तंट्याचा महिनाही पालटला आहे. बुद्धकाली भांडण ज्येष्ठात होई, कारण पाणी अपुरे पडे. आता ते श्रावणात होते. खालच्या अंगास भारतीय हद्दीत आपले गाव वाचवण्यासाठी घातलेल्या तटबंधामुळे वरच्या अंगाच्या शेतात पाणी साचते, ही नेपाळी बाजूच्या गावांची जुनी तक्रार आहे. वरून पूर येतो व त्याची वर्दी वेळेवर मिळत नाही, ही खालच्या गावांची. दोन्ही बाजूंचे म्हणणे पुन्हा एकदा खरे आहे. समितीत अभियंते आहेत, अधिकारी आहेत. ज्यांच्या भातात पाणी उभे राहते, ते त्या बैठकीत बसत नाहीत. त्यांचे म्हणणे अमात्यांमार्फत वर जाते.